भुरीची गाठ

भुरी मांजरीच्या कानामागे खाजवता खाजवता आनंदरावांच्या बोटाला तुरीच्या दाण्याएवढी गाठ लागली, आणि ते तिला उचलून थेट खिडकीच्या उजेडात घेऊन गेले. मुलगी सासरी गेल्यापासून त्यांचं निमूट ऐकून घेणारा घरात हा एवढाच जीव होता.

खरं तर गाठ आनंदरावांच्या मानेवरही होती, चांगली लिंबाएवढी. ते ती दुपट्ट्याखाली झाकत, येता-जाता दाबून बघत, आणि दवाखान्याचं नाव निघालं की त्यांना हमखास कुही गावाला काम निघे. चिरफाडीची भीती, दुसरं काय!

बायको, सिंधूताई, म्हणाल्या, "मांजरीसाठी जीव टाकून राहिले, अन् तुमच्या गाठीचं काय?"

"आधी तिची पाहू वं. डाक्टर राहू दे म्हणला, त माही बी राहू देजो."

शेजारच्या यमुताईंनी गाठ दाबून फोडायला सांगितली. आनंदरावांनी बोट लावलं मात्र, भुरीने हात ओरबाडला आणि ती थेट कूलरवर जाऊन बसली. तिला उतरवताना स्टूल घसरलं, कूलर कलंडला आणि आनंदराव दुपट्ट्यासकट न्हाले. कपडे बदलले, दुपट्टा दोरीवर राहिला. भुरीला भाजीच्या थैलीत घालून दोघं स्कूटरवर निघाले.

जनावरांच्या डॉक्टरांनी गाठ तपासली. साधीच आहे म्हणाले. दाबायची नाही, स्वच्छ ठेवायची, वाढली किंवा फुटली तर आणायची. भुरी खाजवायला लागलीच तर पंजा पोचू नये म्हणून गळ्यात घालायला नरसाळ्यासारखी प्लास्टिकची कॉलर मिळते. आनंदरावांनी आनंदाच्या भरात तीही घेतली आणि बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

तेवढ्यात भुरी टेबलाखाली शिरली. आनंदराव वाकले, आणि उघडी मान डॉक्टरांच्या नाकासमोर आली.

"काका, ही दाबता का?"

"थोडीशी. रोज."

"मांजरीने कोणाला दाबू दिली नाही, म्हणून तिची शाबूत आहे. तुमची पिकलीय. आजच माणसांच्या डॉक्टरकडे जा."

आनंदरावांना कुहीचं काम आठवायच्या आत सिंधूताईंनी स्कूटरची चावी काढून घेतली.

मानेला टाके पडले. दोन दिवसांनी ते खाजायला लागले आणि आनंदरावांचा हात सारखा मागे जाऊ लागला. सिंधूताईंनी खूपदा बजावलं. मग त्या उठल्या आणि कपाटातून ती कॉलर घेऊन आल्या.

"हे भुरीची हाय वं," आनंदराव कळवळून म्हणाले.

"तिले नाही लागत. तिले समजते."

भुरी कूलरवरून बघत होती. आनंदरावांनी मुकाट्याने मान पुढे केली.