बरे झाल्याबद्दल गोळी बंद

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरावर बरे झाल्याचा आरोप सिद्ध झाला. पुरावा सज्जड होता. सात महिन्यांत लघवीच्या अठ्ठावीस तपासण्या, अठ्ठावीसही स्वच्छ. पुन्हा मिळालेल्या कामावर एक खाडा नाही. माहेरी गेलेली बायको परत आलेली आणि पहिल्यासारखी भांडूही लागलेली, म्हणजे संसार सुरळीत.

मागची हकिकत साधी होती. मणका दुखावला, त्यावर अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मिळाल्या, दुखणे गेले आणि गोळ्या जडल्या. तीन वर्षांत नोकरी गेली, बायको गेली, एकदा तर तो स्वतःही जाऊन आला. मग उपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी रोज जिभेखाली ठेवायची एक वेगळी गोळी सुरू केली. तिने तलफ आवरते, नशा चढत नाही. "बंद करायची घाई करायची नाही," असे त्यांनी बजावले होते.

घाई नियमांना होती. खिडकीवरच्या कारकूनबाईंनी त्याचे कार्ड परत सरकवले.

"गोळी व्यसनी माणसांसाठी असते. तुम्ही बरे झालात. अभिनंदन. फाईल बंद."

"अहो बाई, गोळी आहे म्हणून तर बरा आहे!"

"तेच म्हणतेय मी. गुण आला ना? मग आता कशाला?"

"बंद झाली तर महिन्याभरात पुन्हा तिकडेच जाईन."

"मग या की परत," बाई मायेने म्हणाल्या. "नमुना सात भरायचा, तीन अशुद्ध तपासण्या जोडायच्या, आणि हयातीचा दाखला."

"तीन अशुद्ध तपासण्या दिल्यावर हयातीचा दाखला कुठून आणू?"

"दोन्ही बंधनकारक आहेत."

बायकोने त्याला दंडाला धरून त्याच इमारतीत नवव्या मजल्यावर, पुनर्वसन अधिकाऱ्यांच्या दालनात नेले. "साहेब, ह्यांना एकदा जमिनीवर काळंनिळं पडलेलं पाहिलंय मी. दुसऱ्यांदा नाही बघवणार."

"वहिनी," साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "गोळीच्या कुबड्या किती दिवस? मनोनिग्रह हवा, मनोनिग्रह!"

नवरा-बायको खाली उतरले. घरात चार दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. त्या इमारतीच्या लिफ्टची देखभाल याच कारागिराकडे होती.

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या दारावर सूचना झळकली: 'सदर लिफ्ट गेल्या सात महिन्यांत एकदाही कोसळलेली नाही. सबब ती बरी झाली असून तिला दोराची आवश्यकता उरलेली नाही. दोर काढण्याचे काम चालू आहे.'

"अरे, डोकं फिरलंय का तुझं?" साहेब ओरडले. "दोर आहे म्हणून पडत नाही ती!"

"साहेब, दोराच्या कुबड्या किती दिवस?" कारागिराने पाना खाली न ठेवता विचारले. "लिफ्टनं जरा मनोनिग्रह दाखवायला नको?"

"आत्ता बोललात ना, तेवढंच लेखी द्या," बायकोने साहेबांपुढे कागद धरला.

साहेब जिन्याने निघाले. चौथ्या मजल्यावर बसले, सहाव्यावर त्यांना शासनाची मर्यादा कळली, आणि नवव्यावर पोहोचताच त्यांनी तातडीची बैठक बोलावली.

बैठक दोन दिवस चालली. बरा माणूस औषधास अपात्रच, यावर सर्वांचे एकमत झाले. नियम म्हणजे नियम. मात्र लिफ्ट चालण्यासाठी कारागीर चालणे आवश्यक असल्याने, लिफ्ट देखभालीच्या सदराखाली 'वंगण, रोज एक गोळी' अशी मंजुरी देण्यात आली. आता तो रोज सकाळी खिडकीपाशी वंगण जिभेखाली ठेवतो, विरघळेपर्यंत गप्प उभा राहतो आणि लिफ्टच्या वतीने सही करतो. त्याची तब्येत उत्तम आहे. कागदोपत्री लिफ्टवर उपचार चालू आहेत.

हसलात? हसा. पण ज्यांनी हे सारे चष्मा लावून वाचले, ते कुठे अडखळले नसतील. म्हणजे त्यांची नजर सुधारली. अभिनंदन. चष्मे उद्या खिडकीवर जमा करावेत. आणि ज्यांनी आयुष्यात एकदा तरी कुणाला "अजून गोळीवरच आहेस का?" असे विचारले असेल, त्यांनी रांगेत सर्वांत पुढे उभे राहावे.