झेंडूच्या वाटचं दूध

साप पाळण्यात अवघड ते काय! कुत्रा भुंकतो, मांजर दह्याचं भांडं उपडं करतं, पोपट पाहुण्यांदेखत नको ते बोलतो. साप बिचारा आठवड्याला एक उंदीर खातो आणि पडून राहतो. हे भगवंताचं मत, आणि ते त्याने निम्म्या घिवलीला ऐकवलं होतं. उरलेल्या निम्म्या गावाने ऐकून घेतलं नाही, एवढंच!

भगवंत मूळचा साताऱ्याकडचा. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चाललं होतं, तिथे तो नकाशे काढायचा आणि घिवलीत घरमालक तात्यांच्या चिकूच्या वाडीतल्या घरात एका खोलीत राहायचा. खिडकीतून समुद्र दिसे. कामावरून आला की खाटेवर पडून लाटा मोजायला लागायचा, आणि वीसच्या आत आकडा हरवून कुठल्या कुठे जायचा. तात्यांची बायको नर्मदाकाकू रोज दारातून विचारायची, "भगवंता, वाटीभर दूध घेतोस?"

"नको काकू, झालंय माझं."

काही झालेलं नसायचं. स्वभावच मेला भिडस्त! उपाशी झोपेल, पण कुणाच्या हातचं घ्यायचा नाही. आणि वर खिडकीत बसून उसासे टाकायचा की या एवढ्या जगात आपली वाट बघणारं कुणी नाही.

अडुसष्ट सालच्या आषाढात त्याच्या कामावरचा एक परदेशी साहेब मायदेशी परत निघाला. त्याच्याकडे दोन साप होते, नारिंगी अंगावर तांबडे ठिपके, दात असून नसल्यासारखे आणि विषाचं नाव नाही. साहेबाच्या देशात हे मक्याच्या कोठारात उंदरांमागे शिरतात म्हणे. साहेब म्हणाला, "यातला एक तू घे."

झालं! भगवंत निवडायला बसला तो तासभर. साहेबाने तीनदा घड्याळ पाहिलं. एक साप काचेवर चढत होता, जीभ लवलववत होता, क्षणभर स्वस्थ नव्हता. दुसरा वेटोळं घालून शांत पडला होता, जणू त्यालाही कुठल्या तरी लाटा ऐकू येत होत्या. भगवंताने त्याला हातावर घेतलं. गार, मऊ, सावकाश. तो मनगटावरून कोपरापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. भगवंताचा जीव अगदी विरघळला! "हा माझ्यासारखा आहे," तो म्हणाला.

त्या सापाने सकाळीच दोन उंदीर खाल्ले होते आणि म्हणून तो सुस्तावला होता, हे सांगायचं साहेबाच्या डोक्यातच आलं नाही.

नाव ठेवलं झेंडू. चहाचं लाकडी खोकं आणलं, वर जाळीचं झाकण, आत पाण्याची वाटी आणि लपायला फुटक्या मडक्याचं खापर. तात्यांनी हे सगळं विडी ओढत पाहिलं.

"आणलास तो आणलास," ते म्हणाले. "पन ध्यानात ठेव. ह्यो एकदा जरी घरात मोकळा दिसला, तर तुजी ट्रंक आनि तो, दोगं रस्त्यावर!"

भगवंताला त्याचं काहीच वाटलं नाही. संध्याकाळी खोलीत आपलं कुणी आहे, एवढ्यावरच तो खूश होता. लाटा मोजताना झेंडू मनगटावर असायचा. सत्तावीसपर्यंत आकडा जाऊ लागला!

अडचण एकच. भगवंताने जन्मात अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. शनिवारी पिंजऱ्यातला उंदीर खोक्यात सोडताना तो डोळे घट्ट मिटायचा, देवाची माफी मागायचा, झाकण चाचपडत लावायचा आणि तडक समुद्रावर निघून जायचा. आता डोळे मिटून लावलेलं झाकण कसं लागतं, ते तुम्हीच सांगा.

खाऊन झाल्यावर चार दिवस त्याला हात न लावता खापराखाली पडू द्यायचं, असं साहेबाने बजावलं होतं. अशाच एका शनिवारनंतर चार दिवसांनी नागपंचमी आली. सकाळी सकाळी नर्मदाकाकू दारात.

"दरवर्षी पाटावर गंधानं नाग काढते मी. अवंदा कशाला काढू? घरात हाय ना खरा! आंगोल कर, गावच्या बाया येतायत पूजेला."

भगवंताने आनंदाने खापर उचललं. खाली झेंडूची कात होती. नुसती कात! तोंडापासून शेपटीपर्यंत अख्खी, पांढरी, कागदासारखी. आणि झाकणाचा एक कोपरा बोटभर वर.

झेंडू घरात मोकळा, तात्या ओटीवर, आणि ट्रंक खाटेखाली! त्याने खाट सरकवली, गादी झाडली, चपला उलट्या केल्या. मग तो माजघरात धावला; तिथल्या भिंतीला उंदरांचं बीळ होतं. तो पहार शोधायला लागला.

"काय करतोस?" काकू ओरडली.

"बीळ... जरा खणून..."

"आज खणतोस? नागपंचमीला?"

भगवंताने जीभ चावली. त्याच्या घरीही या दिवशी कुणी चिरत नसे, खणत नसे, चुलीवर तवा ठेवत नसे. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या भाताच्या कणगीकडे गेली. शेणाने सारवलेली ती बांबूची उंच कणगी, तोंडावर सूप झाकलेलं. त्याने सुपाला हात घातला, तशी काकू मधे आली.

"कनगीला पन आज हात लावायचा नाय!"

"हे आमच्याकडे नाही."

"आमच्याकडे हाय! चल, जा आपल्या खोलीत."

एवढ्यात बाया आल्याच. भगवंताने कातीची शेपटी खापराबाहेर तेवढी दिसेल अशी ठेवली आणि जीव मुठीत धरून बाजूला उभा राहिला.

"अगं बाय! नारिंगी हाय म्हनत होते ना? ह्यो तर पांढरा," त्यांतली हिरा म्हणाली.

"उपास आहे त्याचा," भगवंत म्हणाला.

"आनि फना?"

"परदेशातला आहे तो."

बायांना पटलं. काकूने जाळी बाजूला करून दुधाची वाटी खापराजवळ ठेवली. "आमी बाहेर बसतो. एवड्या बायांसमोर लाजत असंल. पन नाय प्याला, तर खापर उचलून बगीन हां, काय बिनसलंय त्याचं!"

दार लोटलं गेलं. भगवंताने वाटीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, खाटेखालच्या ट्रंकेकडे पाहिलं. आणि घटाघटा दूध पिऊन टाकलं.

"प्याला!" रिकामी वाटी पाहून हिराने ठोकलेली आरोळी समुद्रापर्यंत गेली असेल.

आणि मग काय विचारता! मंगळी आली, भागी आली, वरच्या आळीची सुगंधा सासूला घेऊन आली. प्रत्येकीची वाटी वेगळी, प्रत्येकीचं दूध साखर घातलेलं, एकीचं तर केशर घालून आटवलेलं! बाया बाहेर, दार लोटलेलं, आणि आत भगवंत नागोबाचा वाटा संपवतोय. पाचव्या वाटीपर्यंत भीती होती. सातव्या वाटीला डोळ्यांसमोर दुधाचा समुद्र आला आणि तो त्यावर लाटा मोजत तरंगू लागला. अकराव्या वाटीनंतर पोटात जे काही सुरू झालं, त्याला लाट म्हणायची सोय नव्हती. तो दार ढकलून, बायांमधून वाट काढत, तात्यांच्या विडीवरून उडी मारत परसाकडे पळाला!

संध्याकाळी वाडीत ऊन-पावसाचा खेळ चालला होता. भगवंत पिवळाफटक होऊन काकूसमोर उभा राहिला. हातात ट्रंक होती.

"काकू, झेंडू खोक्यात नाही. शनिवारीच गेला असेल, माझ्या चुकीने. दूधही... ते मीच प्यायलो. तात्यांना मीच सांगतो." त्याने ट्रंक दुसऱ्या हातात घेतली. "एवढंच करा, कुठे दिसला तर मारू नका. फार गरीब आहे तो."

काकूने त्याच्या हातातली ट्रंक काढून खाली ठेवली. त्याला कोपऱ्यात नेलं आणि कणगीवरचं सूप हळूच उचललं.

आत भातावर झेंडू होता! नव्या कातडीत लखलखीत नारिंगी, आणि पोटाशी दोन टेंगळं.

"शनवारपासनं हाय हितं. उंदीर निम्मे संपवलेन. सूप तात्यांनीच झाकलं, हवेला फट ठेवून." ती कुजबुजली. "बायांनी वाकून वाकून बगितला असता, तर बिचकून पलाला असता गरीब. म्हनून बोलले, कनगीला हात लावू नको."

"म्हणजे तात्या..."

"तात्या काल त्याच्याशी बोलत बसलेवते."

भगवंत मटकन पाटावर बसला. हसावं की रडावं कळेना, तेव्हा त्याने दोन्ही थोडं थोडं केलं. मग एकदम आठवण झाली.

"पण काकू, खोकं रिकामं ठाऊक होतं, तर दूध कशाला ठेवलंत?"

"साप दूध पीत नाय, एवडं कलतं आमाला. आमी दाकवतो आनि झाडाला घालतो." काकूने पदराने डोळ्यांतलं हसू पुसलं. "पयली वाटी बगायला ठेवली, तू काय करतोस ते. रिकामी बगितली आनि मग बाकीच्या धा जनींना मीच बोलवून आनलं. दोन वर्सं इचारते हाय, वाटीभर दूध घे, वाटीभर दूध घे. किती वालला होतास रे!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवंताने दार उघडलं. उंबऱ्याशी दुधाची वाटी होती आणि वर सूप झाकलेलं. हवेला फट ठेवून.