स्टंपामागचे देवतळे काका

देवतळे काका टीव्हीवरची मॅच खुर्चीत बसून पाहत नसत. उकिडवे बसून पाहत. बॉलर धावायला लागला की काका गुडघे वाकवून खाली, दोन्ही पंजे समोर, बोटं जमिनीकडे. बॉलने टप्पा घेतला की काका वर. बॉलर परत वळला की काका परत खाली. वीस ओव्हरचा डाव असला की एकशेवीस उठबशा, आणि कसोटी असली तर दिवसाला पाचशे चाळीस. तेही सत्तरी ओलांडलेल्या गुडघ्यांवर! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काकांनी कुठल्यातरी देवाला नवस बोललाय.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?" मी दारातूनच विचारलं.

"कीपर तिकडं उन्हात बसून राह्यला, अन् मी इथं गादीवर बसू? शोभते का?" मान न वळवता काका म्हणाले. "अन् तू दारातून हट पोरी. स्लिपमंदी उभी हाय तू."

मी मूळची अमरावतीची. छत्तीसगडात, नवा रायपूरला नोकरी लागली, पण तिथल्या रुंद, सुनसान रस्त्यांवर एकटीनं राहायची हिंमत होईना, म्हणून जुन्या शहरात, ब्राह्मणपाऱ्याच्या मराठी वस्तीत देवतळ्यांची वरची खोली घेतली. सहा वर्षं राहिले तिथं. काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झालेले, पण ती नोकरी त्यांच्या लेखी जोडधंदा. खरं काम म्हणजे रेल्वेच्या टीमची विकेटकीपिंग. तेवीस वर्षं केली म्हणे. त्याची पावती त्यांच्या हातांवर होती. दहा बोटांतली सात वाकडी, आणि प्रत्येकाला गावाचं नाव. "हे दुर्गचं. हे बिलासपूरचं. हा आंगठा गोंदियाचा, तिथची पिच म्हंजे निव्वळ गिट्टी." काका कुणाला नमस्कार करायचे तेव्हा समोरच्याला कळायचं नाही की नमस्कार आपल्याला आहे की शेजारच्याला.

सगळी दुनिया बॅट्समन पाहायची, बॉलर पाहायची. काका सांगायचे, "मांग कोन हाय ते पाह्य." हे त्यांचं पालुपद. सिनेमाला गेले तरी हिरोच्या मागे नाचणाऱ्यांत कोण चुकतंय ते पाहायचे. लग्नात नवरदेवामागे छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाला जाऊन विचारायचे, "भैया, खाना खाया क्या?"

माझं आणि काकांचं पटायचं नाही. मला बॅटिंगचं वेड. मॅच संपली की आमची ठिणगी पडायची, विषय एकच: आजच्या जमान्यातला सगळ्यात भारी कीपर-बॅट्समन कोण? त्यातही काकांचा एक नियम. कुठल्याच कीपरचं नाव घ्यायचं नाही.

"काहून?"

"नाव घेतलं का लोक रन मोजाले लागते. हाताबद्दल बोल."

म्हणून आमच्या भांडणात ऑस्ट्रेलियाचा डावखुरा असायचा, श्रीलंकेवाला असायचा, आपला थंड डोक्याचा असायचा आणि आपला पडून मारणारा असायचा. मी म्हणायची, "काका, तो डावखुरा आला आणि गेमच बदलला. त्याच्याआधी कीपर आठव्या नंबरवर यायचा, वीस रन करून घरी जायचा."

"हव, बदलला. पन लोकायनं त्याची बॅट पाह्यली. मी त्याचे पाय पाह्यले. बॉलच्या आधी पोचते, पन हात आधी नेत नाई."

"आणि आपला थंड डोक्याचा? तो तर मॅच संपवूनच यायचा."

"त्याची स्टंपिंग पाह्यली का तू? बाकीच्यायचे हात बॉल घेऊन जरासे मांग येते. त्याचे येतच नाईत. बॉल आला तसाच स्टंपावर." एवढं बोलून काका हात जोडायचे. सात बोटं सात दिशांना.

"आणि पडून मारणारा?"

"गुनी पोट्टा हाय. पन आमच्या टैमाले असता तं मास्तरनं कान पिळला असता."

मग मला जमिनीवर बसवून धडे. "बॉल उठल्यावर उठाचं. आधी उठली का चुकली, उशिरा उठली का गेला. अन् बॅट्समनले समजलं नाई पाह्यजे का आपन मांग हावो." मी ऑफिसची थकलेली, साडी आवरत उकिडवी बसलेय आणि काका सांगताहेत, "टाचा टेकवू नको." सुमनकाकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अहो, तिचं लग्न होऊ द्या! मंग मोडा गुडघे!"

काकू काकांच्या नेमक्या उलट. क्रिकेटचा तिटकारा. ताठ मानेच्या, तिखट जिभेच्या, कुणाचं काही घ्यायचं नाही हा बाणा. मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी त्यांना तो त्रास सुरू झाला. कानात काहीतरी बिघडलं होतं, चालता चालता तोल जायचा, आणि नेहमी डावीकडेच. डॉक्टरनं काठी सांगितली, काकूंनी ती मोरीच्या कोपऱ्यात जळमटं काढायला ठेवली. कुणी हात धरायला गेलं की झटकून टाकायच्या. एकदा काकांनी दंड धरला तर भर बाजारात म्हणाल्या, "सोडा! मी का पांगळी हावो?" त्यानंतर काकांनी पुन्हा धरला नाही.

दोघं भाजी आणायला निघाले की काकू पुढे आणि काका दोन पावलं मागे, जरा डावीकडे, पिशवी न घेता, रिकाम्या हातांनी. पिशवी काकूंकडे! मी गॅलरीतून हसायची. काकू माझ्याजवळ कुरकुरायच्या, "चाळीस वर्सं झाले लग्नाले, पन हा मानूस बाजूनं म्हनून चालत नाई." मला वाटायचं, बाई, आळशी नवरा पदरी पडला तुमच्या.

मग ते गणपती आले. आमच्या मराठी मंडळात दरवर्षी तेच: नाट्यगीतं, पाककला, बक्षीस समारंभ. पोरंसोरं फिरकत नाहीत म्हणून सचिवांनी एका संध्याकाळी वाद ठेवला, "आजचा सर्वोत्तम कीपर-बॅट्समन कोण?" एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला काका. शेवटी दोघांनी आपापलं एक नाव जाहीर करायचं, आणि हात वर करून निकाल.

काकांचा आनंद काय सांगू! पंधरा वर्षं ते मंडळाच्या मागे लागले होते, "कीपिंगवर दहा मिनिटं द्या," आणि मंडळ त्यांना पत्रावळ्या मोजायला द्यायचं. आता मंच मिळाला होता. पंधरा दिवस ते आरशासमोर तयारी करत होते. रेल्वेचा ब्लेझर काढला, त्याची बटणं लागेनात, तर पोट आत घेऊन बोलायचा सराव केला. "पोरी, एकदा तरी लोकायनं आयकलं पाह्यजे, मांगच्या मानसाचं. मंग मेलो तरी चालते."

"आणि नाव घेणार तुम्ही?"

"घेनार. एकदाच घेनार."

त्या संध्याकाळी हॉल भरला. आधी मी बोलले. डावखुऱ्यापासून सुरू केलं, रन, चौकार, षटकार, शेवटच्या ओव्हरी. टाळ्या, शिट्ट्या. मागून पोरं ओरडली, "सही बोला दीदी!" मला वाटलं, झालं, जिंकली मी.

मग काका उठले. पहिली दोन वाक्यं पुटपुटले, पोरं हसली. काकांनी माईक बाजूला ठेवला, पूजेच्या ताटातलं लिंबू उचलून सचिवांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मारा फेकून. जोरात." आणि भर मंचावर, ब्लेझरसकट, उकिडवे बसले. सचिवांनी फेकलं. काकांनी घेतलं. "आवाज आयकला? नाई ना? अच्छ्या कीपरच्या हातात आवाज होत नाई." मग एक पोरगा पुढे आला, त्यानं फेकलं. मग दुसरा. काका डावीकडे घेताहेत, उजवीकडे घेताहेत, बोलताहेत. "बॅट्समन चुकला का बातमी होते. कीपर चुकला का मॅच जाते. अन् चुकला नाई, तं कोनाले मालूमच नाई का तो होता!" हसणारी पोरं आता हसत नव्हती. मी हरत होते आणि खरं सांगते, मला त्याचं इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

"आता आखरीची गोष्ट," काका उभे राहिले. घामानं निथळलेले. "ह्या सगळ्यायमंदी मोठा कोन? आजवर मी नाव घेतलं नाई. आज घेतो."

काकांनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर पहिल्या रांगेवर गेली. काकू उठल्या होत्या. प्रसादानं हात चिकट झाले असतील, हात धुवायला बाजूच्या दारानं निघाल्या.

"एक मिनिट," काका म्हणाले. लिंबू टेबलावर ठेवलं आणि मंचाच्या पायऱ्या उतरून निघाले.

क्षणभर कुणाला कळेना. मग कुणीतरी म्हणालं, "अंकल को जोर से लगी है," आणि अख्खा हॉल हसत सुटला. सचिवांनी घड्याळ पाहिलं, एक मिनिट झालं, दोन झाली, घंटा वाजवली. काकांची वेळ संपली, नाव राहूनच गेलं.

मी मंचावर दाराच्या बाजूला बसले होते, मला दारातून बाहेरचं दिसत होतं, ऐकूही येत होतं. काकू नळाकडे चालल्या होत्या. काका दोन पावलं मागे, जरा डावीकडे, गुडघे किंचित वाकलेले, दोन्ही पंजे समोर. नळापाशी ओली फरशी होती. काकूंचा पाय डळमळला, अंग डावीकडे कललं, आणि काकांचे हात तिथं होते. आधी नाही, नंतर नाही. काकूंची कोपरं त्या वाकड्या बोटांत अलगद आली, काकू सरळ झाल्या, आणि हात निघूनही गेले.

काकूंनी मागे पाहिलं नाही. नळ सोडत विचारलं, "झालं का तुमचं भाषन?"

"हव, झालं."

"नाव घेतलं?"

"घेतलं ना."

"लोक काय म्हने?"

"लय टाळ्या वाजवल्या," काका म्हणाले.

आत माझ्या नावाची घोषणा होत होती. स्टीलचा थर्मास मिळाला मला. तो हातात घेताना मला रडू आवरेना, सचिव म्हणाले, "मॅडम भावुक झाल्या." घरी जाऊन तो थर्मास मी काकांसमोर ठेवला. त्यांनी परत माझ्याकडे सरकवला. "रन तुहेच जास्त हाय, पोरी." मी पुष्कळ विचारलं, कुठलं नाव घेणार होता म्हणून. "इसरलो," म्हणाले, आणि पुढच्या मॅचला पुन्हा खाली बसले. त्या दिवसानंतर मी त्या उठबशांना हसले नाही. म्हातारपणी गुडघे कशासाठी शाबूत ठेवायचेत, ते मला कळलं होतं.

गेल्या वर्षी माझं लग्न झालं आणि आम्ही नवा रायपुरात फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, झाडं आहेत, शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही. मॅच लागली की मी नवऱ्याला म्हणते, मागे कोण आहे ते पाहा, आणि तो हिंदीत विचारतो, "किसके पीछे?" मग मला ब्राह्मणपाऱ्यातली ती खोली आठवते, टाचा न टेकवता बसलेली मी आठवते, आणि काही केल्या मॅचमध्ये लक्ष लागत नाही.

सामान हलवलं त्या दिवशी काकू जिना चढून वर आल्या होत्या, चिवड्याचा डबा घेऊन. काका खाली टेम्पोवाल्याशी बोलत होते, निदान मला तसं वाटलं. मला राहवलं नाही. "काकू," मी म्हटलं, "तुम्ही चालता ना, तेव्हा काका मागे..."

"मालूम हाय मले," काकू म्हणाल्या. "चपलेचा आवाज येते ना बाई. बहिरी नाई मी."

"मग त्यांचा हात का नाही धरत?"

काकूंनी डबा माझ्या हातात दिला. झाकण घट्ट लागलंय का ते दाबून पाहिलं. "हात धरला तं ते बाजूले येतीन, मंग ह्या उठबशा सुटतीन. दोन पायऱ्या चढले का दमतीन, खुर्चीत बसतीन. मले त्यायले खुर्चीत नाई बसवाचं." मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "सांगू नको त्यायले. लय मन लावून करते तो मानूस."

आणि काकू वळल्या, पदर खोचला, कठड्याला हात न लावता ताठ मानेनं जिना उतरायला लागल्या. जिन्याच्या वळणावर, भिंतीला चिकटून, काका उभे होते. त्यांनी मला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. बोट दुर्गचं होतं. काकू नजर न वळवता जवळून खाली गेल्या तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला, आणि मग दोन पायऱ्या अंतर ठेवून, जरा डावीकडून, त्यांच्यामागे उतरू लागले.