मी मूठ उघडणार नाही

मी एक वाक्य बोललो. त्यात चूक काय होती, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आमची नात विनुता. तिचं लग्न पापनाशमच्या श्रीकरशी ठरत होतं. मुलगा बँकेत, माणसं आपलीच, मराठी बोलणारी (म्हणजे निम्मं तमिळ, पण तक्रार करायला उरलेलं निम्मं मराठी पुरतं). आम्ही त्यांचं घर बघायला गेलो. बायका आत गेल्या. ओट्यावर मी आणि मुलाचे आजोबा वरुणराव, दोघेच उरलो. वरुणराव रिटायर हेडमास्तर. मी रिटायर कंडक्टर, तंजावूर टाऊन बस. माझी शाळा पाचवीत संपली. पुढचं सगळं उभ्याने शिकलो.

"मग सूर्यनारायणराव, वेळ कसा घालवता? वाचन वगैरे?"

'वगैरे' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. हेडमास्तर शेवटच्या बाकाकडे बघतात, तसं.

येताना बसमध्ये शेजारचा माणूस मोबाईलवर एक व्हिडिओ बघत होता. एक गोरा पोरगा रिकाम्या हातातून नाणं काढत होता. तेच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "वाचायला वेळ कुठे? मी जादू करतो. नाण्यांची."

वरुणरावांच्या भुवया वर गेल्या. "अस्सं? मग निश्चयतांबूलाला बघायचीच. विसरायचं नाही हं!"

"बघा," मी म्हणालो.

माणसाने शब्द दिला की दिला. आता फक्त जादू शिकायची राहिली होती.

घरी आल्यावर विनुताचा जुना मोबाईल मी मागून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने दाखवून दिलं असतं, आणि मग आयुष्यभर 'आजोबांना मी शिकवलं' ऐकावं लागलं असतं.

व्हिडिओ पुष्कळ निघाले. मी त्यातला एक धरला. दाढीवाला पोरगा, दोन्ही हातांवर चित्रं गोंदवलेली. बोलायचा इंग्रजीत, आणि श्वास न घेता. माझं इंग्रजी 'रैट' एवढंच. बस सोडायला तेवढं पुरलं, याला पुरेना. मी आवाज बंद केला. जादू हातांनी करतात, तोंडाने नाही. (तो मधेच सारखा हसायचा. हसण्याचा नाण्याशी काय संबंध? मी तो भाग सोडून दिला.)

खेळ साधा होता. नाणं तळहाताच्या खोलगट भागात अंगठ्याच्या मांसाने दाबून धरायचं. हात सैल, रिकामा दिसला पाहिजे. मग विड्याच्या पानामागून, हवेतून, कुठूनही ते काढून दाखवायचं. त्या पोराचा हात झोपलेल्या मांजरासारखा दिसायचा. माझा हात कुत्र्याला दगड मारायला निघालेल्या माणसासारखा दिसायचा.

मी जुनं जाडं पाच रुपयांचं नाणं घेतलं. ते पडायचं. पडलं की उचलून डोळ्यांना लावायचं. लक्ष्मी आहे, पायाशी पडली तर माफी मागायला नको? तो पोरगा लावत नव्हता, पण त्याला कोणी वळण लावलेलं दिसत नव्हतं. मी प्रत्येक वेळी लावलं. त्यामुळे माझा अर्धा सराव डोळ्यांचाच झाला.

"अहो," आमची कमलाक्षी म्हणाली, "सारखं काय डोळ्यांना लावताय? डोळे येतील."

"व्यायाम आहे. बोटांचा."

"बोटांना काय झालंय?"

"काही नाही."

आमच्या घरात मी 'काही नाही' म्हणालो की बायको त्याचा अर्थ 'खूप काही' असा घेते. हे मला माहीत होतं. तरी जादूचं सांगितलं नाही. व्याह्यांसमोर करायची गोष्ट घरात आधी फुटली तर तिची जादू राहते का?

पुढे मी नाणं दिवसभर तळहातात ठेवू लागलो. कापीचा टंबळर, म्हणजे कॉफीचा पेला, त्याच हाताने धरायचा, केळी त्याच हाताने घ्यायची. केळीवाली अलमेलु म्हणाली, "अय्यो, अय्या, हातावरून वारं गेलं का?" मी केळी घेऊन निघालो. तिने ते कमलाक्षीला विचारलं. कमलाक्षीने विनुताला सांगितलं. विनुता माझ्याकडे बघून डोळे पुसू लागली. मला वाटलं, लग्न होऊन जायचं म्हणून रडते. मी म्हणालो, "रडायचं नाही." ती आणखी रडली.

निश्चयतांबूल, म्हणजे साखरपुडा, आमच्याच घरी होतं, राजवाड्यामागच्या गल्लीत. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी विडे, नारळ, हळद-कुंकू ठेवलेली मोठी ताटं, म्हणजे तांबाळं, एकमेकांना द्यायची. तांबाळं बदलली की लग्न पक्कं. त्याआधी कोणीही उठून जाऊ शकतं. आमच्याकडून ते काम माझं, त्यांच्याकडून वरुणरावांचं.

दारातच वरुणराव माझ्या कानाशी म्हणाले, "आठवण आहे ना? आज जादू."

मी मान हलवली आणि खोलीत जाऊन नाणं तळहातात बसवलं. बेत पक्का होता. तांबाळं बदलली की त्यांच्या तांबाळातलं एक पान उचलायचं, हात रिकामा दाखवायचा आणि पानामागून नाणं काढायचं. हसायचं नाही. परत येऊन बसायचं.

पण त्या दाढीवाल्याने खोलीत एकट्याने जादू केली होती. आमच्या कूडमात, म्हणजे घराच्या मधल्या भागात, चाळीसेक माणसं होती, समई होती आणि पंखा बायकांकडे वळवलेला होता. हाताला घाम सुटला. नाणं सरकू लागलं. मी मूठ आवळली.

भटजी म्हणाले, "आजोबा, उजवा हात पुढे करा. अक्षता घ्या."

मी डावा केला.

भटजींनी अक्षता मागे घेतल्या. आमच्याकडे डाव्या हाताने शेजाऱ्याला मिरचीसुद्धा देत नाहीत.

"उजवा," भटजी म्हणाले.

"उजवा मिळणार नाही."

"मिळणार नाही म्हणजे?"

"म्हणजे मिळणार नाही. पुढचं चालू द्या."

"अहो, मूठ तरी उघडा!"

"मी मूठ उघडणार नाही."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत पाचच रुपये होते, पण त्या क्षणी ते सव्वा लाखाला दिले नसते. लपवलेलं नाणं हेडमास्तरांना दिसलं की संपलं. जन्मभर ते 'जादू वगैरे' म्हणाले असते.

तेवढ्यात कमलाक्षीने हंबरडा फोडला. "मेला तो हात! महिनाभर वाकडाच आहे! विचारलं तर म्हणतात काही नाही!"

"अय्यो, मी तेव्हाच म्हणाले होते," दारातून आवाज आला. (केळीवालीला कोणी बोलावलं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.)

मग सगळे डॉक्टर झाले. कोणी तेल आणलं, कोणी कांदा. कोणी म्हणालं गरम पाणी, कोणी म्हणालं गार. एकाने माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि जाहीर केलं, "तोंडही एका बाजूला गेलंय." माझं तोंड जन्मापासून तसंच आहे.

मुलाची आई अखिला शेजारणीला हळूच म्हणाली, "घराण्यातच असतं गं हे. पुढे मुलांना होतं." हळू म्हणाली, पण मी भरल्या बसमध्ये मागच्या दाराला पुटपुटलेला थांबा पुढच्या दारात ऐकलेला माणूस आहे. मला ऐकू आलं. विनुतालाही आलं.

वरुणराव उठून माझ्यापुढे बसले. त्यांनी आपला तळहात माझ्या मुठीखाली धरला आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट चोळू लागले. "सोडा, व्याहीबुवा. हळूहळू सैल सोडा."

"सोडत नाही."

"बरं," ते म्हणाले, हात काढून घेतला आणि बाजूला सरकले. फार लवकर हार मानली. हेडमास्तर शेवटी.

मग विनुता आली. नव्या रेशमी पट्टूसाडीत, ती चुरगळेल याचा विचार न करता, खाली माझ्या गुडघ्यांशी बसली.

"आजोबा, दुखतंय का?"

"नाही."

"मग उघडा ना. त्या उठून चालल्या आहेत."

मी बघितलं. अखिला खरोखरच उठून उभी राहिली होती आणि त्यांचं तांबाळ आपल्याकडे ओढत होती.

मी आयुष्यात कोणासाठी बस मागे घेतलेली नाही. पण ही पोरगी तीन वर्षांची असताना माझी शिट्टी गळ्यात घालून अंगणात बस चालवायची. म्हणालो, जाऊ दे. हसतील तर हसतील. तिच्याकडे बघून मी मूठ उघडली.

मूठ रिकामी होती.

मी हात उलटा करून बघितला. वेष्टीच्या निऱ्यांत बघितलं, पाटाखाली बघितलं. नाही. नाणं नाहीसं झालं होतं!

"उघडला! हात उघडला!" सगळे ओरडले. कमलाक्षीने देवाला हात जोडले. कांदा आणणाऱ्याने श्रेय घेतलं.

"हाताला काही झालंच नव्हतं!" मी उभा राहिलो. "मुठीत नाणं होतं. आता नाही. याला जादू म्हणतात. मी जादू करतो!"

कोणी टाळी वाजवली नाही. सगळे माझ्याकडे फार प्रेमाने बघत होते. आजाऱ्याकडे बघतात तसं.

"अगं बाई," कमलाक्षी म्हणाली, "हातातून डोक्यात गेलं."

अखिलाने तांबाळ उचललं.

"थांब, सूनबाई," वरुणराव म्हणाले. "व्याही खरं बोलतायत. यांची जादू मला माहीत आहे, ओट्यावरच सांगितली होती मला. नाणं कुठे गेलं, ते दाखवायचं राहिलं, एवढंच. बरोबर ना, व्याहीबुवा?"

आणि त्यांनी रिकामा हात सगळ्यांना दाखवला, माझ्या कानामागे नेला आणि जाडं पाच रुपयांचं नाणं बाहेर काढलं. हसत हसत.

कूडम् टाळ्यांनी दणाणलं. पोरं उड्या मारू लागली. अखिला हसली, खाली बसली, तांबाळ पुढे सरकवलं. तांबाळं बदलली. लग्न पक्कं झालं. विनुता धावत गेली आणि वरुणरावांच्या पाया पडली.

जेवणानंतर मी त्यांना न्हाणीघराजवळ गाठलं.

"नाणं तुमच्याकडे कसं आलं?"

"तुम्हीच दिलंत. मी मुठीखाली तळहात धरला, तुम्ही अलगद सोडलंत. मी थोडा थांबलोही, म्हटलं तिकीट देताय की काय."

मी माझ्या बोटांकडे बघितलं. एवढी वर्षं समोर तळहात आला की त्यात सुट्टे सोडायचे. बोटं माझ्या परवानगीची वाट बघत नाहीत.

"आणि कानाचं?"

"ओट्यावर तुम्ही जादू म्हणालात, तेव्हापासून मला धास्ती. व्याह्यांसमोर अगदीच अडाणी दिसायला नको. मोबाईलवर बघून बसवलं."

"किती दिवस लागले?"

"दिवस कसले? एक संध्याकाळ. कापी गार व्हायच्या आत."

आता लग्न जवळ आलं आहे. जेवणानंतर वरुणरावांची जादू ठेवली आहे. पोरांनी हट्ट धरला. परवा विनुता मला पुढच्या रांगेत खुर्ची राखून ठेवते म्हणाली, कारण त्यांना कान लागतो. मी हो म्हणालो. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे. जादू त्यांची असेल, कान माझा आहे, आणि दुसऱ्या कोणाचा चालत नाही.

(वरुणराव म्हणाले, एवढा मोठा दुसरीकडे मिळाला नाही.)