चार नंबरची बाटली

खोत आण्णांना आमच्या घरी पाणी दिलं की ते पेला आधी उजेडाकडे धरायचे. मग जरा तिरका करून बघायचे, मग वास घ्यायचे, आणि एवढं झाल्यावर वरून घटाघटा पिऊन टाकायचे. माझ्या बायकोला, सुमनला, पहिली चार वर्षं या प्रकाराचा राग यायचा. "आपल्या माठात बेडूक असतात का?" असं ती मला विचारायची. आण्णांना विचारायची हिंमत नव्हती. पाचव्या वर्षी एकदा पेला खाली ठेवून आण्णा म्हणाले, "वैनी, तुमचं पाणी एक नंबर." तेव्हापासून तिचा राग गेला तो गेलाच. उलट कुणी पाहुणा मुकाट्यानं पाणी प्यायला तर तिला चुकल्यासारखं वाटू लागलं.

आण्णा मूळचे गडहिंग्लजकडचे. तिकडच्या एका गावातल्या दूध संस्थेत ते तीस वर्षं टेस्टर होते. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या घेऊन रांगेत उभे राहणार, आणि आण्णा प्रत्येकाच्या दुधाचं सॅम्पल घेऊन फॅट काढणार. कुणी पाणी घातलंय हे त्यांना यंत्राच्या आधी त्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसायचं म्हणे. निवृत्त झाल्यावर ते कोल्हापुरात आमच्या गल्लीत राहायला आले. समोरासमोर घरं. मुलगा पुण्याला नोकरीला. घरात आण्णा आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या आक्का. आक्कांची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलेली. त्या आतल्या खोलीत खाटेवर असत. बोलणं मात्र शाबूत होतं, आणि तिखटही.

आण्णांच्या ओळीतल्या घरांच्या मागून एक ओढा जातो. कागदोपत्री तो नाला आहे. आण्णांसमोर कुणी नाला म्हटलं की ते बोलणाऱ्याला थांबवत. "वढा म्हणा. नाला म्हटलं की माणूस घाण टाकायला मोकळा हुतोय." हा ओढा पुढे पंचगंगेला मिळतो, आणि नदीकाठानं खाली चार-पाच कोसांवर आक्कांचं माहेर. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं ती. उन्हाळ्यात खालच्या गावांत काविळीची साथ आली की आक्कांकडे माहेरची माणसं यायची आणि पाण्याच्या नावानं बोटं मोडून जायची.

अशाच एका उन्हाळ्यात आण्णांनी ओढ्याचं टेस्टिंग सुरू केलं.

दूध किती ताजं आहे हे पाहायला डेअरीत त्यात एक निळं औषध घालतात. दुधात जंतू जितके जास्त, तितका निळा रंग लवकर उडतो. आण्णांचं म्हणणं, पाण्यालाही हाच न्याय. बाटली काठोकाठ भरायची, निळं घालायचं, बूच लावायचं आणि सावलीत ठेवायची. निळं टिकलं तर पाणी जिवंत, उडालं तर मेलेलं. मी एका कॉलेजातल्या रसायनाच्या प्राध्यापकांना मुद्दाम विचारून आलो. ते म्हणाले, पद्धत जुनी आहे, पण खुळी नाही.

दर रविवारी सकाळी सातला आण्णा सायकलला तारेची जाळी अडकवून निघायचे. ओढ्यावर चार जागा ठरलेल्या. एक नंबर सगळ्यात वर, शेताजवळ. दोन नंबर पुलाखाली. तीन नंबर गाड्या धुवायच्या सर्व्हिसिंग सेंटरच्या खाली. चार नंबर आमची गल्ली संपते तिथं. आठला चारही बाटल्या त्यांच्या खिडकीत लागायच्या, आणि मग दिवसभर गल्लीतला येणारा-जाणारा त्या खिडकीपाशी थांबायचा. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसं लोक विचारायचे, "आण्णा, चार नंबर हाय का गेला?"

तालमीतली पोरं टवाळ्या करायची. "आण्णा, वढ्याची फॅट किती लागली?"

"तुझ्या मेंदूपेक्षा जास्त."

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत स्टोअरकीपर होतो. रजिस्टर ठेवणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे ओढ्याचं रजिस्टरही माझ्याकडे आलं. आण्णा मला कधी नावानं हाक मारत नसत. "ओ स्टोअर, लिवा. चार नंबर, साडेअकराला गेला." कुठली बाटली किती तास टिकली ते मी लिहायचो, आणि सोमवारी ते पानपट्टीशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. एकदा मी "साधारण बारा वाजता" असं लिहिलं. आण्णांनी मला परत घरी पाठवलं. "साधारण हा आकडा न्हाय. साधारण हे मत झालं."

वर्षभराच्या नोंदी जमल्या. एक नंबरचं निळं सोमवारी दुपारपर्यंत टिकायचं, दोन नंबरचं त्याहून थोडं कमी. तीन नंबरचं दुसऱ्या सकाळपर्यंत. चार नंबरचं मात्र दुपारच्या जेवणाआधी उडायचं.

दोषी कोण हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. सर्व्हिसिंग सेंटर. तेलकट पाणी ओढ्यात सोडतो, सरळ गोष्ट. एका रविवारी आम्ही वीस-बावीस जण चार नंबरची बाटली घेऊन त्याच्या दारात गेलो. घोषणा दिल्या. मालक हात पुसत बाहेर आला. शांत माणूस होता.

"पावणं, बसा की. च्या सांगतो," तो म्हणाला.

"च्या नको. पाण्याचं बोला," आण्णा म्हणाले.

"बोलतो की. तुमचा फळा मी दर सोमवारी वाचतो. तीन नंबर माझ्या बुडाला हाय. त्याचं निळं दुसऱ्या दिवसापातूर टिकतंय, असं तुम्हीच लिवलंय. चार नंबरचं जेवायच्या आधी जातंय. मला सांगा, तीन आणि चारच्या मधी कोण हाय?"

आम्ही सगळ्यांनी मनात ओढ्याचा नकाशा आठवून पाहिला. तीन आणि चारच्या मध्ये आमची गल्ली होती.

चहा घेतला. चांगला होता. परत येताना घोषणा कुणी दिल्या नाहीत.

गल्लीत घरं तेरा. प्रत्येकाच्या घराला सेप्टिक टाकी आहे असं प्रत्येक जण सांगत होता, आणि शेजाऱ्याच्या टाकीबद्दल शंका घेत होता. आण्णांनी आठवडाभर रजिस्टर चाळलं. मग म्हणाले, "संस्थेत कॅन नासला तर कॅनला शिव्या देऊन उपयोग न्हाय. घरटी सॅम्पल काढायचं."

ठरलं असं की प्रत्येक घराच्या संडासात बादलीभर पाण्यातून कपड्याची नीळ ओतायची, आणि मी मागे ओढ्यात उभं राहून कुठल्या तोंडातून निळं पाणी येतं ते पाहायचं. हे ठरल्याबरोबर सात नंबरच्या घराला अचानक रविवारी लग्नाला जायचं आठवलं. आणखी दोघांच्या घरी पाहुणे येणार होते.

"सुरवात माझ्यापासनं," आण्णा म्हणाले. "संस्थेत तीस वर्षं माझ्या म्हशीचं दूध मी सगळ्यांच्या आधी, सगळ्यांच्या म्होरं तपासलंय. टेस्टरचं दूध कुणी तपासायचं, असं कुणी म्हणाय नको."

रविवारी मी पँट दुमडून, रजिस्टर घेऊन, घाणेरीच्या झुडपांमागे ओढ्यात उभा राहिलो. बाकीचे सगळे वर गल्लीत. आण्णांचा आवाज आला, "वतलं रं!"

मी उगाच घड्याळ पाहिलं. आण्णांच्या घरातून काही येणार नाही हे मी गृहीत धरलं होतं. तीन मिनिटं झाली, आणि माझ्या हातभर अंतरावर, झुडपाच्या मुळाशी एक चार इंची पाइप होता तो गुळण्या टाकल्यासारखा वाजला. मग त्यातून निळं पाणी आलं. फिकट नाही, चांगलं गडद.

"स्टोअर! आलं काय?"

मी रजिस्टर उघडलं, पेन काढलं, आणि ओरडलो, "नीट दिसत नाही!" इतक्या वर्षांत रजिस्टर हातात घेऊन मी खोटं बोललो ते एवढंच.

आण्णा स्वतः खाली उतरून आले. पाइप अजून गळत होता. ते तिथंच दगडावर बसले. आक्कांना दवाखान्यातून घरी आणायचं होतं तेव्हा त्यांनी चार दिवसांत खोलीला लागून संडास-बाथरूम बांधून घेतलं होतं, हे मला माहीत होतं. "गवंडी म्हणाला, जोडलं टाकीला. मी व्हय म्हटलं," आण्णा म्हणाले. "तीस वर्षं लोकांच्या किटल्यांत नाक खुपसलं, आणि गवंड्याचं सॅम्पल घेतलं न्हाय."

मी रजिस्टर मिटायला लागलो.

"लिवा."

"आण्णा, पुन्हा एकदा ओतून पाहू."

"घर नंबर एक. निळं आलं. तीन मिनटात. लिवा म्हणतो न्हवं!"

मी लिहिलं. त्यांनी वर जाऊन ते स्वतः सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर कुणाला नाही म्हणायला तोंडच उरलं नाही. सात नंबरवाल्यांचं लग्न रद्द झालं, पाहुणे आले नाहीत. संध्याकाळपर्यंत आणखी तीन घरांचं निळं ओढ्यात उतरलं.

लोक आण्णांना म्हणाले, बाकीचे आधी करू देत. आक्का आजारी आहेत, टाकी बांधून होईपर्यंत तुमचा पाइप राहू द्या, महिनाभरानं काय बिघडतंय. आण्णा म्हणाले, "आमचा चेअरमन बी त्याच्या म्हशीबद्दल हेच म्हणायचा." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पाइपाच्या तोंडात सिमेंट भरलं.

मग ते माझ्या ओट्यावर येऊन बसले. सुमननं पाणी आणलं. त्यांनी पेला उजेडाकडे न धरताच पिऊन टाकला. तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं आहे.

"तिला आता कुठं न्यायचं, हे एक," ते म्हणाले. "आणि तिला सांगायचं काय, हे दुसरं. तिला वाटतंय, वढा निवळलाय."

"म्हणजे?"

"दर रविवारी सांगतोय. चार नंबरचं निळं आज सांजपातूर टिकलं. आज रातीपातूर टिकलं. तुझ्या माहेराला झऱ्यावाणी पाणी चाललंय. तिची भावंडं तेच पाणी पित्यात, स्टोअर. खाटेवर पडून दुसरा काय इचार करणार ती?"

वर्षभर ज्यांनी मला 'साधारण' लिहू दिलं नव्हतं, ते घरात शेजारच्या खोलीत दर आठवड्याला खोटे आकडे सांगत होते. मला हसावं की काय करावं कळेना.

पहिल्या अडचणीचा निकाल सुमननं लावला. आमचं संडास-बाथरूम समोरच होतं, आणि आमच्याकडचं निळं टाकीतच राहिलं होतं. पुढचे अठरा दिवस, दिवसातून तीन-चारदा, आक्का खुर्चीत बसून गल्ली ओलांडायच्या. पुढून आण्णा, मागून मी. मी कामावर असलो तर तालमीतलं कुणी तरी. आक्का सहा वर्षांनी गल्ली पाहत होत्या. त्यांना घाई नसायची. "थांबा की जरा. ह्यांनी घराला हा कसला रंग दिलाय, कावीळ झाल्यावाणी?" रंगवाला घरमालक दारातच उभा असायचा. आण्णा खुर्चीखाली वाकलेले, धापा टाकत म्हणायचे, "अगं, चल आता." "मी कुठं चालतोय? तुम्ही चाला की."

टाकीचं त्यांना सांगितलं होतं ते एवढंच, की जुनी भरली, नवी बांधतोय.

अठराव्या दिवशी टाकी झाली. त्या दिवशी परत नेताना आक्का म्हणाल्या, "मला वढा दाखवा."

आण्णा म्हणाले, "तिकडं चिखल हाय."

"असू दे."

"खुर्ची रुतंल."

"मग उचलून न्या. लग्नात न्हेलतासा की."

गल्लीच्या टोकाला, चार नंबरच्या जागेपाशी आम्ही खुर्ची टेकवली. उन्हाळा होता. पाणी काळपट, कडेला फेस. चार पाइप बुजवले म्हणून तीन आठवड्यांत ओढा निवळत नाही. आण्णा पाण्याकडे न बघता सिमेंट लावलेल्या पाइपाकडे बघत उभे होते. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. पाइप, गवंडी, नीळ, खोटे आकडे. सांगताना तीनदा चुकले.

आक्का ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "माझी खिडकी वढ्याकडंच हाय. वास काय मला येत न्हाय व्हय? आणि भाऊ येतोय की माझा. पाणी कसलं येतंय त्यो सांगत न्हाय व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? दर रविवारी खाटेजवळ बसून अर्धा घंटा सांगायचासा. किती वाजंपातूर टिकलं, कसं टिकलं. खरं सांगितलं असतं तर 'गेलं' म्हणून दोन मिनटात उठून गेला असतासा. बाकी दिवसभर बाटल्या, सायकल आणि हे स्टोअर."

मी खुर्चीची मागची बाजू धरून उभा होतो. ती सोडून जाता येत नव्हतं, म्हणून मी ओढ्याच्या पलीकडचं उसाचं शेत बघत राहिलो. आण्णांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला आणि आक्कांच्या पायाला लागलेला चिखल पुसला. बराच वेळ पुसला. तेवढा चिखल नव्हता.

पुढच्या रविवारी चार नंबरचं निळं दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी गेलं. आधीपेक्षा बरं, पण सांगण्यासारखं काही नाही. मी रजिस्टर घेऊन गेलो तर बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आतून आण्णांचा आवाज येत होता. खरा आकडा सांगत होते. आक्का मधेमधे प्रश्न विचारत होत्या. मी ओट्यावर बसून राहिलो, आणि सवयीनं घड्याळ पाहिलं.

पाऊण तास लागला.