नंदिनीच्या नावची डिस्क

बुटीबोरीच्या त्या कापड कारखान्यात संघपाल गजभियेंकडे जागा मागायला गेलेला माणूस कधी रिकाम्या हाताने परतला नाही. जागा म्हणजे प्लॉट नव्हे हो, डिस्कवरची जागा! कारखान्यात खरा सर्व्हर एकच. त्याच्या पोटात संघपालांनी अकाउंट्सचं एक, डिस्पॅचचं एक, स्टोअरचं एक अशी व्हर्च्युअल मशीन्स बसवली होती. प्रत्येकाला वाटे, आपला कॉम्प्युटर वेगळा आणि डिस्कही भली मोठी.

"संघपालभौ, एक टेराबाइट पाहिजे होती," अकाउंट्सचे ताराचंद म्हणायचे.

"एक काहून? दोन घ्या ना गा!"

याला थिन पद्धत म्हणतात. नावावर दोन टेराबाइट लावायची, पण जेवढी भरेल तेवढीच खरी जागा जाते. लग्नात पाचशे पत्रिका वाटून तीनशेंचा स्वयंपाक करतात, त्यातलाच प्रकार. दुसरी पद्धत थिक. तिच्यात पहिल्याच दिवशी सगळी जागा अडवतात, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी. माणूस येवो न येवो, दुसऱ्याने बसायचं नाही. संघपालांना थिकचा भारी तिटकारा. हाताखालच्या इंजिनिअर रितिकाला ते उठता-बसता सांगत, "रिकामी जागा अडवाची नाही, पाप लागते."

आणि दिवाळीच्या तोंडावर पाचशेचे पाचशे जेवायला आले! ताराचंदांनी ऑडिटसाठी जुनी बिलं स्कॅन करून कोंबली. गेटवरच्या नव्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही त्याच सर्व्हरवर साठू लागलं. भर दुपारी डिस्क काठोकाठ भरली आणि डिस्पॅचचं मशीन जागच्या जागी थिजलं. चलान निघेना. माल भरलेले ट्रक गेटवर उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवून कान किटवताहेत.

मॅनेजर भैय्याजी धापा टाकत सर्व्हरच्या खोलीत आले. "संघपाल, काय होऊन राहिलं हे?"

"साहेब, जागा संपली."

"संपली? तुम्ही तर प्रसादासारखी वाटून राहिले होते!"

आता काय काढायचं? ताराचंद बिलांना हात लावू देईनात, "ऑडिटर उद्या येऊन राहिला." सिक्युरिटीवाले रेकॉर्डिंग सोडेनात. तेवढ्यात रितिका ओरडली, "सापडलं! सर, एक मशीन आहे, दोन वर्षांपासून बंद. दोन टेराबाइट, आणि..." तिने संघपालांकडे असं पाहिलं की जणू कीर्तनकाराच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली. "सर, थिक आहे! अन् आत काहीच नाही. नुसती शून्यंच शून्यं."

"नाव काय त्याचं?" भैय्याजींनी विचारलं.

"नंदिनी."

ताराचंद खोकले. भैय्याजींनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "संघपाल, या वयात?"

"साहेब! पोरगी हाय माही!"

नंदिनी कॉलेजात असताना दर रविवारी बापाबरोबर कारखान्यात यायची. दोघं सर्व्हरशी खटपट करत, एकाच डब्यात जेवत आणि चुकलं की एकमेकांवर ढकलत. मग तिला डब्लिनला नोकरी लागली. जाताना म्हणाली, "बाबा, माह्यासाठी एक मशीन ठेवजा. दिवाळीत आली की आपण दोघं काहीतरी बनवू." हुडकेश्वरच्या घरातली तिची खोली तिच्या आईने, मायाने, महिन्याभरात गव्हाच्या कोठीने आणि शिलाई मशीनने भरून टाकली. निदान इथली जागा तरी कोणी बळकावू नये म्हणून संघपालांनी एका रविवारी आयुष्यातली एकमेव थिक डिस्क केली, कोपरान् कोपरा शून्यांनी भरून. ते होईपर्यंत संध्याकाळ झाली. एकट्याने डबा उघडावासा वाटला नाही त्यांना. दोन दिवाळ्या गेल्या, पोरगी आली नाही. फार आठवण यायची हो तिची!

"उडवा ते," भैय्याजी म्हणाले.

"तिले विचारतो," म्हणत संघपालांनी फोन लावला. स्पीकर चालू राहिला याचं त्यांना भान नव्हतं. "नंदू, तुही ती मशीन काढाव लागते वं."

"कोणती मशीन, बाबा?"

संघपालांचा चेहरा पडला. "तेच... आपण दोघं काहीतरी बनवणार होतो ना."

"बाबा, तुम्ही ते अजून ठेवलं? थिक?"

"थिक."

"बाप्पा! थिकचं तं नाव काढू देत नव्हते तुम्ही!" ती हसली, पण हसू टिकलं नाही. "उडवू नका. त्याची थिन कॉपी काढा अन् जुनी थिक पुसून टाका. आत शून्यंच हायेत, कॉपीले जागा लागणार नाही. मशीन तशीच राहते, जागा मोकळी होते."

"अरे हो!" रितिका कीबोर्डकडे झेपावली. संघपालांनी तिचा हात धरला.

"अन् तू आली, अन् तवा जागा नसली तर?"

बाहेर हॉर्न वाजत होते. भैय्याजींनी उगाच चष्मा पुसायला घेतला.

"बाबा," नंदिनी हळूच म्हणाली, "मी दर वर्षी 'येतो' म्हणतो ना, ते बी थिनच होतं. यंदा बी नाही जमून राहिलं. पण मशीन सुरू करा अन् मले इथून आत येऊ द्या. रविवारी बसू आपण."

"येऊ द्या तिले!" भैय्याजी गरजले. "फक्त जागा संपाच्या आधी बोंब मारणारा एक प्रोग्राम बनवून द्या म्हणा!"

डिस्क थिन झाली, चलानं निघाली, ट्रक सुटले. आणि रविवारपासून ती डब्लिनमध्ये, हे बुटीबोरीत, असं काम सुरू झालं. प्रोग्राम तसा छोटाच, पण थंडी सरत आली तरी संपेना. "काय गा, किती दिवस?" भैय्याजींनी विचारलं की संघपाल गंभीर होऊन सांगत, "साहेब, दर खेपेस नवीनच काहीतरी बिघडते."

बिघडणारच! दर शनिवारी, सगळे घरी गेले की संघपाल स्वतःच त्यातली एक ओळ मोडून ठेवत. रविवारी पोरगी ती शोधायची, हे मुद्दाम भलतीकडे बोट दाखवायचे, आणि तासभर मजेत जायचा.

एका शनिवारी ते असेच चोरासारखे बसले, प्रोग्राम उघडला आणि बघतच राहिले. ओळ आधीच मोडलेली होती. कोणी मोडली म्हणून पाहिलं, तर नंदिनीने, थोड्या वेळापूर्वीच. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, उद्या येजा हं कारखान्यात. प्रोग्राम बिघडला वाटते."

संघपालांनी डोळे पुसले. "हो ना वं," ते म्हणाले, "लय बिघडला."