दहापैकी एक

उज्ज्वला सिस्टरला दहापैकी एक गुण मिळाला आणि प्रभाकर साहेबांना त्याचा फार आनंद झाला.

आनंद तिच्या फजितीचा नव्हता. माणूस दुष्ट नव्हता, नुसता क्वालिटी मॅनेजर होता. नर्सच्या सेवेवर पेशंट किती खूश आहेत हे मोजायची कोणती पद्धत खरी, हे त्यांना एकदाचं ठरवायचं होतं. म्हणून डिंडोलीतल्या त्या हॉस्पिटलच्या हाडांच्या वॉर्डात त्यांनी तीन तऱ्हांनी मतं घेतली. एक ते दहामधला आकडा लिहायचा, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांतून एक निवडायचा आणि आडव्या रेघेवर आपलं समाधान जिथवर पोचलं तिथे खूण करायची.

"तिन्ही पद्धती तंतोतंत जुळल्या, सिस्टर! आकडा एक, चेहरा रडका आणि रेघेवर खूणच नाही. असं जुळणं पुस्तकातसुद्धा सापडत नाही."

"म्हणजे मी वाईट आहे?"

"शास्त्रशुद्ध वाईट," साहेब कौतुकानं म्हणाले. "आता वॉर्डच्या इन्चार्ज मंदा सिस्टर. त्यांना दहापैकी दहा! तुम्ही सोमवारपासून बारडोलीच्या शाखेत."

घर डिंडोलीत, मुलगी दहावीला, आणि आता रोज बारडोली! उज्ज्वलाचे डोळे भरून आले. मंदा सिस्टर इंजेक्शन अशी टोचायची की पेशंट खाटेवरून उठून बसायचा. साहेबांच्या डोक्यामागे भिंतीवर फ्रेम होती, 'मॅनेजर साहेबांना रुग्णांची पसंती : दहापैकी दहा'. तिच्याकडे बघतच उज्ज्वला बाहेर पडली.

ती तडक चिंधाभाऊच्या खाटेशी गेली. कापड तपासण्यात या माणसाचा जन्म गेला होता आणि पाय मोडून आल्यापासून तो वॉर्डचा पुढारी झाला होता. त्याला विचारल्याशिवाय कुणी कागदाला पेन लावत नसे.

"चिंधाभाऊ, तुमचं हगणं-मुतणं काढलं मी. हेच का पांग फेडलेत? दहापैकी एक?"

"मंग? पुऱ्या वॉर्डानं तुमले एक नंबर दिला, ताई! एक नंबर माल म्हंजे अव्वल. दोन नंबर म्हंजे खोटवाला."

"आणि मंदा सिस्टरला दहा?"

चिंधानं आवाज खाली आणला. "दस नंबरी बाई हाये ती."

उज्ज्वलानं व्हीलचेअर आणली आणि त्याला थेट साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन उभं केलं, म्हणजे बसवलं. आकड्याचा खुलासा ऐकून साहेबांना घाम फुटला.

"बरं, पण रडका चेहरा?"

"पाय मोडेल मानसाकडे पाहून हसनारी सिस्टर काय कामाची, साहेब? टाके काढताना ताई माह्याआधी रडल्या."

"आणि रेघ?"

"खोट दिसली का निशानी लावायची, हा तं आपला धंदा. ताईंच्या रेघेत खोटच नाही भेटली. मंदाबाईले पार टोकापर्यंत निशान्या लावल्या."

साहेब क्षणभर खचले, पण विद्वान माणूस लवकर सावरतो. "म्हणजे पद्धती जुळल्या हे खरंच! फक्त उलट्या जुळल्या." त्यांनी अख्खा तक्ता फिरवला. उज्ज्वला इन्चार्ज झाली आणि बारडोली मंदाच्या वाट्याला गेली.

मग त्यांची मान हळूहळू मागच्या फ्रेमकडे वळली.

"चिंधाभाऊ, हे दहा कुणी दिले?"

चिंधानं फ्रेमकडे पाहिलं, मग आपल्या प्लॅस्टरकडे.

"साहेब, डिस्चार्जच्या कागदावर सही तुमचीच लागते ना?"

"हो."

"मंग सही झाल्यावर सांगतो."